न उडालेल्या काडतुसांची बरणी

ऑर्फा साइझमोरकडे बायका पिस्तूल घेऊन यायच्या त्या चोरी केल्यासारख्या. कुणी पर्समध्ये टॉवेलात गुंडाळून आणी, कुणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून. एकीने तर चर्चच्या जेवणाला नेतात तसल्या झाकणाच्या भांड्यातून आणलं होतं. दुकानाचा मालक डॉइल "वा, आज घेवड्याची उसळ का?" म्हणत झाकण उघडायला गेला, आणि तेव्हापासून ऑर्फाच्या गिऱ्हाइकांच्या भांड्याला त्याने कधी हात लावला नाही.

पुढे डॉइलचं दुकान, कोंबड्यांच्या खाद्याचं आणि गवताच्या बियाण्याचं. मागच्या खोलीत ऑर्फाचं कामाचं टेबल. तिथून मागचं दार उघडलं की समोर डोंगर कापून केलेली चिकणमातीची उभी भिंत. केंटकीच्या त्या अरुंद खोऱ्यात सपाट जागा म्हणून नाहीच. गोळी झाडायची तर मातीच्या भिंतीत, म्हणजे ती कुणाच्या घरी जात नाही.

ऑर्फाचं वय त्रेसष्ट. जाड भिंगांचा चष्मा, पुढे खिसेवाला एप्रन, आणि बोलणं अगदी मोजकं. बंदुका दुरुस्त करायचं काम वडिलांचं, ॲन्सिलचं. मुलगा नव्हता म्हणून तिने शिकून घेतलं. चैनीची पिस्तुलं बाळगणारे पुरुष शहरातल्या मोठ्या दुकानात जात. हिच्याकडे यायच्या त्या शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालणाऱ्या, घटस्फोट झालेल्या, विधवा. त्यांच्या पर्समधलं पिस्तूल दीडशे डॉलरच्या आतबाहेरचं. ओतीव धातूचं, ओबडधोबड, हातात धरलं तर वीट धरल्यासारखं. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच.

"स्वस्तातलं आहे गं. वेळेला चालेल ना?"

ऑर्फा म्हणे, "दोनशे."

म्हणजे दोनशे गोळ्या झाडायच्या. स्वतःच्या हाताने, ऑर्फाच्या नव्हे. ज्या जातीच्या गोळ्या घरात भरून ठेवणार त्याच. एकदाही अडकलं नाही तर चालेल. अडकलं तर साफ करायचं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं.

"अगं, दोनशे गोळ्यांच्या पैशांत दुसरं पिस्तूल येईल!"

"येईल की. मग तेही दोनशे मागेल."

स्वस्त आहे म्हणून ती कधी नाक मुरडत नसे. स्वस्त म्हणजे वाईट नाही, न तपासलेलं ते वाईट, असं ॲन्सिल म्हणायचा. पण हे तो जन्मभर म्हणत नव्हता. ऑर्फा एकोणीस वर्षांची असताना त्याने ग्लेना नावाच्या एका बाईला असंच एक स्वस्त पिस्तूल विकलं होतं. हॉटेलात वाढपाचं काम करणारी, हसरी बाई. तिचा आधीचा नवरा तिच्या मागावर होता. ॲन्सिलने एक गोळी झाडून बघितली, उडाली, आणि "घेऊन जा, बये, चांगलं आहे" म्हणाला. तीन आठवड्यांनी नवरा दार फोडून आत आला. ग्लेनाने चाप ओढला, तर नुसतं टक्. तिला दुसऱ्यांदा चाप ओढायला मिळाला नाही.

खटला संपल्यावर शेरिफने ते न उडालेलं काडतूस ॲन्सिलच्या हातावर ठेवलं. त्याच्या बुडाच्या टिकलीवर, जिथे पिस्तुलातली सुई आपटते तिथे, टोकाएवढा खळगा. ॲन्सिलने लोणच्याची एक काचेची बरणी धुतली, तेलाने अर्धी भरली, आणि ते काडतूस तिच्यात सोडलं. तिथून पुढे दोनशेचा नियम. आणि तपासताना जे जे काडतूस उडालं नाही, किंवा गिऱ्हाइकाने परत आणून दिलं, ते ते त्या बरणीत. मरताना त्याने ऑर्फाला घर दिलं, आपलं जुनं रिव्हॉल्व्हर दिलं, आणि ही बरणी दिली. खिडकीत ठेवलेली असे. ऊन आलं की तळाशी पितळ चमके. एकूण एक्केचाळीस होती.

दुसरीही एक गोष्ट त्याने शिकवली होती. चाप ओढला आणि गोळी उडाली नाही, तर पिस्तूल लगेच उघडायचं नाही. कधीकधी आतली दारू उशिरा पेट घेते. नळी मातीकडे धरून तसंच थांबायचं, तीस अंक होईपर्यंत. ॲन्सिल अंक मोजत नसे. तो प्रभूची प्रार्थना म्हणे, सावकाश, आमेनपर्यंत. तेवढा वेळ बरोबर होतो. ऑर्फाही तसंच करी.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी वर्डी नेपियर आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, वाळकी, ताठ. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला होता. ऑर्फा पाचवीत असताना तिच्या ताटात मक्याचा पाव वाढणारी हीच. त्यामुळे ऑर्फा तिला अजून "मिस वर्डी" आणि "तुम्ही" म्हणे, आणि वर्डी तिला अजून "पोरी" म्हणे.

"पोरी, हे आर्लिसने घेतलेलं. जरा बघ, चालेल का."

आर्लिस तिचा नवरा. खाणीतल्या कोळशाच्या धुळीने छाती भरून, फेब्रुवारीत गेला. ऑर्फाने पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, आतलं काडतूस बाहेर घेतलं आणि सवयीने चष्म्याजवळ धरलं. टिकलीवर खळगा होता. बारीक, उथळ, बरोबर मध्ये.

तिने ते टेबलावर उभं ठेवलं.

"मिस वर्डी, चाप कधी ओढलात?"

"मी? छे. नुसतं हातात घेऊन बघितलं."

"नुसतं बघितल्याने हे होत नाही."

वर्डी खिडकीतल्या बरणीकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

"दार लाव. तो डॉइल कान लावून बसलाय."

"मी खाद्य मोजतोय!" बाहेरून डॉइल ओरडला.

"मोज, मोज. तोंडाने मोजतोस का?" वर्डी म्हणाली, आणि दार लागल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला. "कुणीतरी येतं, ऑर्फा."

दोन आठवडे झाले होते. रोज नाही, पण येई तेव्हा सकाळीच, धुकं खोऱ्यात गच्च बसलेलं असताना. आधी अंगणातून घसा खाकरल्याचा आवाज. मग पायऱ्या, एक, दोन, तीन. मग ओसरीवरच्या झोपाळ्याची साखळी करकरे. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा पायऱ्या, आणि गेलं.

"हाक नाही?"

"नाही! तेच तर."

त्या डोंगरात दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकण्याआधी रस्त्यावरूनच मोठ्याने हाक मारायची असते, "अहो घरातले!" म्हणून. लहान पोरालाही ते ठाऊक. प्रत्येक घरात बंदूक असते, आणि जो हाक न मारता येतो तो चांगल्या कामाला आलेला नसतो.

"कुत्री भुंकत नाही?"

"ब्यूला शेपटी हलवते." वर्डीने ओठ घट्ट मिटले, मग म्हणाली, "आर्लिस तसाच खाकरायचा. पहाटे कामावर जायच्या आधी त्याच झोपाळ्यावर बसायचा, खाणीच्या गाडीची वाट बघत. मी आधी म्हटलं चोर. हल्ली गोळ्या-औषधं चोरायला येतात ना, दुखण्याच्या. गुरुवारी मी उठले, हे घेतलं, आणि दार उघडलं."

"आणि?"

"पाठमोरा होता. धुक्यात कमरेपर्यंतच दिसत होता. अंगावर आर्लिसचा कोट, पोरी. कोपरावर मी लावलेलं लाल-काळ्या चौकड्यांचं ठिगळ. मी ऑगस्टमध्ये त्याचे सगळे कपडे चर्चच्या कपड्यांच्या खोलीत दिले, माझ्या हाताने घड्या घालून. आणि हा तोच कोट." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मी घाबरले आणि ओढला. टक् झालं. तो उठला, आणि न वळता चालत गेला."

बाहेर डॉइलचं फावडं खाद्यात खरखरत होतं.

"माणूस असेल तर मला हे चालणारं करून दे," वर्डी म्हणाली. "एकटी राहते मी. आणि आर्लिस असेल तर मी माझ्या नवऱ्यावर चाप ओढलाय."

"गेलेल्या माणसाला गोळी लागत नाही, मिस वर्डी."

"गोळीची नाही गं मला काळजी. त्याला काय वाटलं असेल त्याची."

ऑर्फाने मागचं दार उघडलं. उरलेली सात काडतुसं भरली आणि मातीच्या भिंतीत एकामागून एक झाडली. वर्डी कानात बोटं घालून उभी. सातही उडाली. मग ऑर्फाने पिस्तूल उघडून आतला भाग पुसला, तर चिंध्यांवर पिवळं घट्ट ग्रीस आलं, थिजलेल्या चरबीसारखं.

"हे कुणी घातलं?"

"आर्लिसने. माझ्यासाठी घेतलं म्हणून मुद्दाम भरपूर घातलं. गंजायला नको म्हणाला."

"थंडीत हे आवळतं. सुई हळू जाते, टिकलीवर नीट बसत नाही. तेवढंच झालंय. आता पुसलंय, आता चालेल."

हे वाक्य तिने हजार वेळा उच्चारलं असेल. त्या दिवशी मात्र ते उच्चारल्यावर तिच्या हातांना गार वाटलं. आता चालेल. उद्या सकाळी धुक्यात झोपाळा करकरला तर चालेल.

तिने पिस्तूल खणात टाकून कुलूप लावलं. खळग्याचं काडतूस मात्र बरणीत टाकलं नाही, एप्रनच्या खिशात टाकलं.

"दोनशे व्हायच्या आत मी देत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"आणि तोवर मी काय करू? लाटणं घेऊन बसू?"

"तोवर मी येते. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती वर्डीच्या स्वयंपाकघरात बसली होती. कॉफी झाली होती, पण कुणी पीत नव्हतं. खिडकीबाहेर धुकं काचेला चिकटलेलं. कुंपण दिसत नव्हतं, रस्ता दिसत नव्हता. ओढ्याचा आवाज येत होता, तोही कुठून येतोय ते कळत नव्हतं. टेबलावर ॲन्सिलचं रिव्हॉल्व्हर. पन्नास वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. ऑर्फाला त्याचा केवढा अभिमान. आज तिला ते बघवत नव्हतं.

ब्यूलाने मान वर केली आणि शेपटी जमिनीवर आपटली.

अंगणातून आवाज आला. खाकरणं म्हणावं तर तसं, पण ओलसर, पोकळ, जसा काही तोंडातून न येता दुसरीकडून येत होता. मग पायऱ्या. एक. दोन. तीन. मग साखळी.

"तोच," वर्डी ओठांनीच म्हणाली.

ऑर्फाने रिव्हॉल्व्हर उचललं आणि दार हळूच ढकललं. झोपाळ्यावर एक माणूस पाठमोरा बसलेला. कोपरावर लाल-काळ्या चौकड्या. टोपी खाली ओढलेली. धुकं त्याच्या गुडघ्यांवरून वाहत होतं, आणि झोपाळा अगदी थोडा हलत होता, कुणाची तरी सवयीने वाट बघावी तसा.

"कोण आहे?" ती मोठ्याने म्हणाली. "नाव सांग!"

तो हललासुद्धा नाही.

"नाव सांग, नाहीतर झाडीन!"

काही नाही. झोपाळा तसाच. तिने अंगठ्याने घोडा मागे ओढला. हे रिव्हॉल्व्हर टक् करून थांबणारं नव्हतं. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, की वर्डीने गुरुवारी चाप ओढला आणि दार लावून घेतलं. तीस अंक कुणी थांबलं नाही. ती गोळी अजून उडायचीच आहे.

तिने नळी ओसरीच्या फळ्यांकडे खाली केली. न उडालेल्या गोळीनंतर थांबायचं असतं तशी ती थांबली, आणि मनात प्रार्थना सुरू केली, वडिलांच्या चालीवर, सावकाश. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या मधल्या ओळीपर्यंत आली तेव्हा ब्यूला तिच्या पायांतून बाहेर गेली आणि तिने आपलं नाक त्या माणसाच्या हातात घातलं. तो वळला.

गळ्याला लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखं पांढरं फडकं बांधलेलं. त्याखाली भोक. डोळे म्हातारे, मवाळ, आणि दारात दोन बायका बघून ओशाळलेले.

"एस्टिल," वर्डी म्हणाली. "देवा. हा एस्टिल आहे."

आर्लिसबरोबर तीस वर्षं एकाच पाळीत उतरलेला एस्टिल. गेल्या वर्षी घशाच्या रोगावर शस्त्रक्रिया करून त्याचा आवाज काढून टाकला होता. मग तो पलीकडच्या परगण्यात बहिणीकडे होता, आणि सप्टेंबरात परतला होता. खाणीतल्या सुरुंगांनी कान पूर्वीच गेलेले. लिहिता त्याला कधी आलंच नाही. रीतीप्रमाणे तो रस्त्यावरून हाक मारत होता, त्याची जी काही हाक उरली होती ती. कुणी बाहेर आलं नाही की झोपाळ्यावर बसून दार उघडायची वाट बघत होता. उघडलं नाही की जात होता. गळ्यातल्या त्या भोकाकडे लोक बघतात म्हणून रस्त्यावर कुणी नसतानाच बाहेर पडत होता.

ऑर्फाने घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली बसवला. तिला दोन हात लागले.

एस्टिलने कोटाच्या अस्तराला पडलेलं भोक दाखवलं. मग खिशातून काहीतरी काढून वर्डीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटली. आर्लिसचा पितळेचा गोल बिल्ला, नंबर एकशे सतरा. खाणीत उतरताना प्रत्येकजण आपला बिल्ला फळीवर टांगे, आणि वर आला की काढून घेई. फळीवर बिल्ला राहिला म्हणजे तो माणूस अजून आत आहे. खाणीतला माणूस गेला की त्याचा बिल्ला घरच्यांच्या हातात द्यायचा असतो, दुसऱ्या कुणाच्या नाही, वाटेत कुठे ठेवायचाही नाही. तोवर तो बाहेर आलेला धरत नाहीत. चर्चमधून कोट मिळाला आणि अस्तरात हा सापडला, तेव्हापासून एस्टिल तो परत करायला येत होता.

वर्डीने मूठ छातीशी धरली. मग त्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "गुरुवारी आला होतास?"

त्याने होय म्हणून मान हलवली. झोपाळ्याकडे बोट केलं, बसल्याची खूण केली, दाराकडे बघून हात हलवले, कुणी आलं नाही. आणि हसला.

वर्डीने त्याला आत नेलं, गरम बिस्किटं वाढली, आणि त्यांवर सफरचंदाचा मुरंबा घातला तो इतका, की बशीतून खाली आला. तो बारीक बारीक घास करून खात होता. ती त्याच्या पाठीशी उभी राहून त्या ठिगळाकडे बघत होती, दोन्ही हात एप्रनमध्ये घट्ट गुंडाळून.

पुढच्या शनिवारी तिने फाटकाला गाईच्या गळ्यातली घंटा टांगली. एस्टिल आला की वाजवी. पिस्तूल तिने परत मागितलं. एकटी बाई, खोरं तेच, चोरही तेच.

"पण ते एक बरणीत टाकलंस ना गं? नासकं होतं ना ते?"

"ग्रीसमुळे," ऑर्फा म्हणाली.

"ग्रीसमुळे. आर्लिसचं ग्रीस," वर्डी म्हणाली, आणि पुन्हा विचारलं नाही.

चार शनिवार वर्डीने मातीच्या भिंतीत गोळ्या झाडल्या. मनगट ढिलं धरलं की ऑर्फा ओरडे, "घट्ट, मिस वर्डी! पळी नाही ती!" दोनशे झाल्या. एकही अडकली नाही. ओबडधोबड, विटेसारखं जड, आणि एकही नाही. ऑर्फाने ते पुसून टॉवेलात गुंडाळून दिलं आणि म्हणाली, "चालेल."

वर्डी गेल्यावर तिने खिशातलं काडतूस बाहेर काढलं. महिनाभर ते एप्रनबरोबर धुऊन निघालं होतं, वाळलं होतं. असल्या काडतुसांना ती पुन्हा कधी हात लावत नसे. ती बरणीची. पण तिने खणातून त्याच जातीचं दुसरं स्वस्त पिस्तूल काढलं, एकुलतं ते काडतूस भरलं, मागचं दार उघडलं. बाहेर धुकं होतं. मातीची भिंत दहा पावलांवर, आणि ती दिसत नव्हती. तिथे कुणी नाही हे ठाऊक असूनही तिने आधी हाक मारली. उत्तर आलं नाही तशी चालत जाऊन मातीला हात लावून आली.

मग चाप ओढला.

गोळी उडाली. पहिल्या फटक्यात, खणखणीत. मातीत धप्प आवाज झाला आणि डोंगराने तो परत दिला.

ऑर्फा नळी खाली धरून तशीच उभी राहिली. थांबायची गरज नव्हती, तरी तिने आमेनपर्यंत सगळी प्रार्थना म्हटली.

वर्डीला तिने हे सांगितलं नाही. रिकामं पितळ बरणीत टाकलं. ते तेलात सावकाश बुडालं आणि त्या एक्केचाळीसांच्या मध्ये जाऊन बसलं. त्यानंतरही बायका पर्समध्ये टॉवेल घालून येत, आणि ती दोनशेच सांगे. पण दुपारी ऊन खिडकीवर आलं, की ती कधीकधी हातातलं काम ठेवून त्या खळग्यांकडे बघे. इतकी वर्षं ती सगळी नासकी आहेत असं धरून चालली होती. त्यांतलं एकही कुणी पुन्हा झाडून बघितलं नव्हतं. आणि गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या प्रत्येकाच्या समोर तेव्हा कुणीतरी उभं होतं आणि वाचलं होतं, हे आता तिच्या ध्यानात येऊ लागलं होतं.

सगळ्यांत तळाशी ग्लेनाचं होतं. ऑर्फा झाकण उघडी, बोट तेलात घाली, ते पितळ बोटाला लागे, आणि ती झाकण पुन्हा घट्ट लावी.